दोन रात्रींत यॉर्क: चौदा ठिकाणांच्या यादीतून काय ठेवावं, काय गाळावं

प्रश्न थोडक्यात असा. लंडनला राहणारं कुटुंब ऑक्टोबर अखेरच्या शाळेच्या सुट्टीत शुक्रवार ते रविवार यॉर्कला जाणार आहे. सोबत पुण्याहून आलेले आई-बाबा आहेत, वय ६८ आणि ७२. आईंचे गुडघे दुखतात. मुलगा नऊ वर्षांचा, त्याला आगगाड्यांचं वेड. यादीत चौदा ठिकाणं जमली आहेत आणि कशाला किती वेळ द्यावा ते कळत नाही.

चौदापैकी पाच ठेवा: मिन्स्टर (इथलं मुख्य चर्च), यॉर्कशर म्युझियम आणि त्याची बाग, जॉर्विक (व्हायकिंग काळाचं म्युझियम), तटबंदीचा एक तुकडा, रेल्वे म्युझियम. सहावं म्हणून क्लिफर्ड्स टॉवर किंवा कॅसल म्युझियम, दोन्हींपैकी एकच. बाकीची बहुतेक ठिकाणं या सहांच्या मधल्या वाटेवरच आहेत. ती जाता-जाता बाहेरून दिसतील, तेवढं पुरे.

एवढी काटछाट करायचं कारण या शहराच्या घडणीत आहे. यॉर्क हे शेजारी-शेजारी मांडलेल्या स्थळांचं शहर नाही, ते एकावर एक चढलेल्या थरांचं आहे. इसवी सन ७१ मध्ये रोमन सैन्याच्या नवव्या लीजननं इथे किल्ला बांधला, नाव एबोराकम. २११ मध्ये सेप्टिमियस सेव्हेरस हा सम्राट इथे वारला, ३०६ मध्ये कॉन्स्टॅन्टाइनला सैन्यानं इथेच सम्राट म्हणून पुकारलं. ८६६ मध्ये व्हायकिंगांनी शहर घेतलं आणि नाव झालं जॉर्विक. त्यांचा शेवटचा राजा एरिक ९५४ मध्ये हाकलला गेला. मग नॉर्मन आले, मग मध्ययुगातले लोकरीचे व्यापारी. प्रत्येकानं आधीच्याच्या डोक्यावर घर बांधलं. आजचा पीटरगेट रस्ता रोमन किल्ल्याच्या आडव्या मुख्य रस्त्यावर आहे आणि स्टोनगेट उभ्या रस्त्यावर. किल्ल्याचं मुख्यालय जिथे होतं तिथेच मिन्स्टर उभं आहे, पण किंचित तिरकं. चर्चला पूर्व-पश्चिम दिशा पाळावी लागते, रोमनांचा किल्ला मात्र नदीच्या अंगानं आखलेला होता. स्टोनगेटवरून चालत गेलात की मिन्स्टर समोर सरळ येत नाही, तिरपं येतं, ते यामुळे. हे एकदा ध्यानात आलं की सहा ठिकाणं एकमेकांना जोडली जातात. ध्यानात न घेता चौदा पाहिली तर संध्याकाळी फक्त तिकिटांचे तुकडे हातात उरतात.

नावांचा एक घोळ आधीच सोडवून घ्या, नाहीतर नकाशा वाचताना गोंधळ होईल. इथे ‘गेट’ म्हणजे रस्ता. व्हायकिंगांच्या भाषेतल्या ‘गाटा’वरून तो शब्द आला. शहराच्या वेशीला म्हणतात ‘बार’. म्हणजे मिकलगेट हा रस्ता आणि मिकलगेट बार ही त्या रस्त्यावरची वेस.

आता प्रवास. किंग्ज क्रॉसहून वेगवान गाडी दोन तासांच्या आत-बाहेर यॉर्कला पोचवते. तिकिटं जितकी आधी घ्याल तितकी स्वस्त, साधारण तीन महिने आधीपासून बघायला लागा. त्यांतली सर्वांत स्वस्त ‘अ‍ॅडव्हान्स’ तिकिटं फक्त त्याच गाडीला चालतात. गाडी चुकली तर नवं तिकीट पूर्ण भावानं, आणि चार मोठ्यांचं ते भलतंच महाग पडतं. परतीची गाडी म्हणून जरा उशिराचीच धरा. तुमच्यासारख्या चार मोठे आणि एक मूल या गटाला ‘फॅमिली अँड फ्रेंड्स’ रेलकार्ड घ्यायलाच हवं. मोठ्यांना एक-तृतीयांश आणि मुलाला ६० टक्के सूट मिळते, कार्डाची किंमत एकाच फेरीत वसूल होते. ज्येष्ठांचं वेगळं कार्ड काढायची गरज उरत नाही. या कार्डावरची सकाळच्या गर्दीच्या वेळेची बंधनं फक्त लंडन आणि आग्नेय इंग्लंडच्या आतल्या प्रवासाला आहेत, यॉर्कच्या प्रवासाला नाहीत.

गाडी घेऊन जाऊ नका. शहराचा गाभा सकाळी साडेदहाच्या सुमारास वाहनांना बंद होतो आणि संध्याकाळपर्यंत पायीच फिरावं लागतं. टॅक्सीसुद्धा शॅम्बल्स या जुन्या गल्लीपर्यंत येत नाही. आईंसाठी हे आधी कळलेलं बरं. हॉटेल निवडताना ‘स्टेशनजवळ’ असं न शोधता मिन्स्टर किंवा म्युझियम गार्डन्सपासून पाच-सात मिनिटांत असलेलं शोधा आणि लिफ्ट आहे का हे विचारा. जुन्या इमारतींमधल्या कित्येक हॉटेलांना लिफ्ट नाही, आणि ते संकेतस्थळावर ठळक लिहिलेलं नसतं. मोठ्या बॅगा मिन्स्टरमध्ये आणि बहुतेक म्युझियममध्ये नेता येत नाहीत. आल्या-आल्या त्या हॉटेलवर टाका.

शुक्रवारी दुपारी यॉर्कशर म्युझियमपासून सुरुवात करा. स्टेशनहून लेंडल पूल ओलांडला की डाव्या हाताला म्युझियम गार्डन्स लागते. बागेला तिकीट नाही, म्युझियमला आहे. बागेत शिरल्यावर उजवीकडे दहा बाजूंचा बुरूज दिसेल, त्याला मल्टअँग्युलर टॉवर म्हणतात. त्याच्याजवळ पाच मिनिटं थांबा. खालचे छोटे, एकसारखे घडवलेले दगड आणि त्यांमधून गेलेला विटांचा लाल पट्टा रोमन आहे. वरचे मोठे दगड आणि बाण मारायच्या फटी मध्ययुगीन. एकाच भिंतीत हजार वर्षांचं अंतर बोटानं दाखवता येतं. राजगड-तोरणा पाहिलेल्या माणसाला असली भिंत वाचायला वेळ लागत नाही. बाबांना इथे नक्की रस वाटेल. पुढे सेंट मेरीज अ‍ॅबीचे भग्न खांब आहेत. आठव्या हेन्रीनं मठ बरखास्त केले तेव्हा, १५३९ मध्ये, हाही गेला आणि त्याचा दगड लोकांनी पुढे इतर बांधकामांना नेला.

म्युझियम लहान आहे, दीड तास पुरतो. चार वस्तू चुकवू नका. पहिली, कॉपरगेट शिरस्त्राण: आठव्या शतकातलं, व्हायकिंगांच्याही आधीचं, १९८२ मध्ये खोदकाम यंत्राच्या दात्याखाली सापडलं. दुसरी, मिडलहॅमचं पदक: पंधराव्या शतकातलं सोन्याचं, वर नीलमणी. ते १९८५ मध्ये सापडलं आणि १९९२ मध्ये म्युझियमनं २५ लाख पौंड उभे करून विकत घेतलं. तिसरी, ‘आयव्हरी बँगल लेडी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्त्रीची दफनसामग्री. चौथ्या शतकातल्या या श्रीमंत स्त्रीच्या हातात हस्तिदंती आणि जेट या काळ्या दगडाच्या बांगड्या होत्या, आणि तिच्या हाडांच्या अभ्यासातून तिचं मूळ उत्तर आफ्रिकेकडे जात असावं असं दिसलं. जुन्या इंग्लंडमध्ये सगळे एकाच रंगाचे होते ही समजूत घेऊन आलेल्या मुलाला ही पेटी आवर्जून दाखवा. चौथी वस्तू म्हणजे व्हेल ऑफ यॉर्क या खोऱ्यातला चांदीचा ठेवा, २००७ मध्ये मिळालेला. तो ब्रिटिश म्युझियमबरोबर सामाईक मालकीचा असल्यानं दर वेळी इथेच असेल असं नाही. सोमवारी काही म्युझियम बंद असतात किंवा उशिरा उघडतात. तुमच्या शुक्रवारी अडचण येऊ नये, पण सुट्टीतल्या वेळा आठवडाभर आधी तपासाच.

त्याच दिवशी संध्याकाळी मिन्स्टरमध्ये ‘इव्हनसाँग’ला बसा. आठवड्यातल्या बहुतेक दिवशी ती साडेपाचला असते, रविवारी चारला. ही प्रार्थना आहे, त्यामुळे प्रवेशाला तिकीट नाही. पंधरा मिनिटं आधी पोचलात तर कॉयरमधल्या (गायकवृंदाच्या जागेतल्या) कोरीव लाकडी आसनांवर बसता येतं. पाऊण तास शांत बसायचं, इतर उभे राहिले की उभं राहायचं, फोटो काढायचे नाहीत, मध्ये उठायचं नाही. धर्म कोणता हे कुणी विचारत नाही. एक खबरदारी: शाळांच्या सुट्टीत इथली गायक मुलंही सुट्टीवर असतात. तेव्हा बाहेरगावचं गायकवृंद गातं किंवा प्रार्थना नुसती म्हटली जाते. त्या आठवड्याचं वेळापत्रक मिन्स्टर आधी जाहीर करतं, ते पाहूनच जा. चालून दमलेल्या आई-बाबांना बसायला मिळतं आणि दगडी कमानींत सूर कसा चढतो तेही कानावर पडतं. दिवसाच्या गर्दीत ते कधीच ऐकू येत नाही.

शनिवारी सकाळी मिन्स्टर पाहायचं, ते साडेनऊला दार उघडल्या-उघडल्या. रविवारवर ढकलू नका. रविवारी सकाळ प्रार्थनेची असते आणि पर्यटकांना दुपारी पाऊणच्या सुमारास आत सोडतात. शनिवार-रविवारच्या सहलींचा सगळ्यात सामान्य गोंधळ हाच: रविवारी सकाळी दहाला रांगेत उभे राहतात आणि मग कळतं. मोठ्यांचं तिकीट वीस पौंडांच्या आसपास आहे. ते महाग वाटेल, पण अडीच तास दिलेत तर वाटणार नाही.

सकाळच का, तर पूर्वेच्या महाखिडकीसाठी. ‘ग्रेट ईस्ट विंडो’ ही जवळपास टेनिसच्या मैदानाएवढी रंगीत काच आहे, ३११ चौकटींची मांडणी. कॉव्हेंट्रीच्या जॉन थॉर्नटन या कारागिरानं ती १४०५ ते १४०८ या तीन वर्षांत पुरी केली. करार ५६ पौंडांचा होता, त्यांतले १० वेळेत काम संपवल्याबद्दलचे. सूर्य पूर्वेला असतो तेव्हाच तिच्यातला निळा आणि तांबडा पूर्ण उजळतो. दुपारनंतर ती नुसती ‘सुंदर’ असते. वाचायची रीत अशी: वरच्या टोकाला देव, त्याखालच्या तीन रांगांत सृष्टीच्या उत्पत्तीपासूनच्या कथा, त्याखाली जगाच्या अंताची दृश्यं, तळाशी राजे आणि धर्मगुरू. आरंभ आणि अंत एकाच चौकटीत. डोळ्यांनी वरची दृश्यं ओळखता येत नाहीत, म्हणून छोटी दुर्बीण बरोबर घ्याच. या शहरासाठी एकच साधन सांगायचं तर मी दुर्बीणच सांगेन. २००८ ते २०१८ या काळात खिडकीचा प्रत्येक तुकडा उतरवून साफ केला गेला. जुन्या दुरुस्त्यांतल्या चेहऱ्यांवरून जाणाऱ्या शिशाच्या पट्ट्या काढल्या आणि बाहेरून अतिनील किरणं अडवणारी दुसरी काच बसवली.

त्यानंतर उत्तरेच्या बाजूला ‘फाइव्ह सिस्टर्स’कडे जा. तेराव्या शतकाच्या मध्यातल्या पाच उंच अरुंद खिडक्या, प्रत्येक सुमारे १६ मीटर. यांत चित्रं जवळजवळ नाहीत, करड्या-हिरवट काचेच्या एक लाखाहून अधिक तुकड्यांची नक्षी आहे. पहिल्या नजरेत त्या मळक्या वाटतात आणि लोक पुढे जातात. दोन मिनिटं तिथेच उभे राहा. डोळा अंधाराला सरावला की त्यातला चंदेरी उजेड दिसू लागतो. उत्तरेकडून थेट ऊन येत नाही, म्हणून इथे घाई नाही. पहिल्या महायुद्धात मेलेल्या साम्राज्यातल्या स्त्रियांचं स्मारक म्हणून १९२५ मध्ये ही खिडकी अर्पण केली गेली.

दक्षिणेच्या बाजूला गोल गुलाब-खिडकी आहे. ९ जुलै १९८४ च्या पहाटे या भागाचं छप्पर पेटलं, बहुधा वीज पडून. आगीच्या उष्णतेनं काचेला सुमारे ४० हजार तडे गेले, पण ती पडली नाही. आधीच्या वर्षांत शिसं नव्यानं बसवलेलं असल्यानं ती तगली. पुन्हा बांधलेल्या छताच्या कमानींच्या सांध्यांवरचे काही कोरीव लाकडी गोळे मुलांच्या टीव्ही-स्पर्धेत जिंकलेल्या चित्रांवरून कोरले आहेत. चंद्रावर उतरलेला माणूस आणि देवमासे मुलाला दुर्बिणीतून शोधायला सांगा, आणि तोवर मोठ्यांनी बसून घ्या.

चॅप्टर हाऊस चुकवू नये. धर्मगुरूंच्या सभांचं अष्टकोनी दालन, आणि मधे खांब नाही. छताचं वजन वरच्या लाकडी सांगाड्यावर तोललेलं आहे. भिंतीतल्या आसनांवर कोरलेले छोटे चेहरे बघण्यासारखे आहेत: कुणी जीभ काढतंय, कुणी दातदुखीनं वैतागलाय.

मग तळघर. १९६७ मध्ये लक्षात आलं की मधला मनोरा, वजन सुमारे १६ हजार टन, खचतो आहे. पाच वर्षं पायाभोवती काँक्रीट आणि पोलादी सळ्यांचे पट्टे घालण्याचं काम चाललं, आणि खणताना खाली रोमन मुख्यालयाच्या भिंती, रंगवलेला गिलावा आणि अजून पाणी वाहणारं गटार निघालं. आज त्या सगळ्याभोवती म्युझियम आहे. वर सांगितलेला थर इथे पायाखाली दिसतो. इथेच ‘उल्फचं शिंग’ ठेवलंय: हत्तीच्या सुळ्याचं, अकराव्या शतकातलं, उल्फ नावाच्या सरदारानं जमीन दान दिल्याची खूण. आपल्याकडे ताम्रपट द्यायचे, तसं तिथे शिंग.

मनोऱ्यावर चढायचं तर पायऱ्या २७५, अरुंद गोल जिना, मधे एका छतावरून उघड्यावर चालावं लागतं. वेगळं तिकीट, ठरलेली वेळ, आठ वर्षांखालील मुलांना बंदी, वारा-पाऊस असेल तर बंद. तुमचा मुलगा वयात बसतो. एकानं त्याच्याबरोबर जावं, आई-बाबांनी नाही. हृदयविकार, दमा, बंद जागेची भीती असलेल्यांनी मुळीच नाही, कारण अर्ध्यातून मागे फिरायला जागा नसते.

दुपारी जॉर्विक. कॉपरगेट या रस्त्यावर १९७६ ते १९८१ या काळात उत्खनन झालं. ओल्या, हवा न शिरणाऱ्या मातीत लाकूड, चामडं, कापड, फळांच्या बिया असं सगळं हजार वर्षं टिकून राहिलं होतं. चाळीस हजारांवर वस्तू मिळाल्या. ती जागाच १९८४ मध्ये म्युझियम झाली. २०१५ च्या डिसेंबरातल्या पुरात पाणी शिरलं आणि २०१७ मध्ये ते पुन्हा उघडलं. सुरुवातीला काचेच्या जमिनीखाली उत्खनन दिसतं, मग सरकत्या डब्यात बसून पुनर्रचित गल्ल्यांतून सुमारे पंधरा मिनिटांचा फेरा. वास मुद्दाम सोडलेले असतात: धूर, मासे, शौचकूप. वासानं मळमळ होणाऱ्यांनी रुमाल जवळ ठेवावा.

बहुतेक लोक फेरा झाला की बाहेर पडतात, आणि खरं म्युझियम त्याच्या पुढे आहे. दहाव्या शतकातला लोकरीचा पायमोजा बघा. दोन सुयांचं विणकाम येण्याआधीच्या एका-सुईच्या पद्धतीनं केलेला. विणकाम जाणणाऱ्या आईंना त्यापुढून हलवणं कठीण जाईल. जवळच १९७२ मध्ये एका बँकेच्या पायाखाली मिळालेली मानवी विष्ठा, अश्मीभूत, सुमारे २० सेंटिमीटर. त्या माणसाच्या खाण्यात मांस आणि भाकरी होती आणि पोटात जंत होते हे तिच्यावरून कळलं. नऊ वर्षांच्या मुलाला ही वस्तू जन्मभर लक्षात राहते.

जॉर्विकला वेळ ठरवूनच तिकीट काढा. सुट्टीच्या आठवड्यात न ठरवता गेलात तर तासभर रांग सहज लागते, तीही उघड्यावर. व्हीलचेअर लागणार असेल तर आधी फोन करून वेळ घ्या, कारण तशी सोय असलेला डबा मोजक्या वेळीच सोडतात.

जॉर्विकहून क्लिफर्ड्स टॉवर आणि कॅसल म्युझियम चार-पाच मिनिटांवर, समोरासमोर आहेत. निवड हवामान आणि गुडघ्यांवर करा. टॉवर टेकाडावर आहे, चढायला ५५ पायऱ्या सलग, मधे बसायला जागा नाही. वर २०२२ मध्ये बांधलेला लाकडी माळा चार खांबांवर उभा आहे. जुन्या भिंतींवर त्याचा भार नाही, आणि पूर्वी न दिसणारे वरचे कोपरे, त्यांत राजा तिसऱ्या हेन्रीच्या काळचं शौचालयही, आता जवळून पाहता येतात. गच्चीवरून मिन्स्टर आणि दोन्ही नद्या दिसतात.

पण या टेकाडाची ओळख फक्त देखाव्यापुरती ठेवू नका. मार्च ११९० मध्ये शहरातली ज्यू कुटुंबं, सुमारे दीडशे माणसं, जमावापासून वाचण्यासाठी इथल्या तेव्हाच्या लाकडी गढीत शिरली. कोंडी फुटत नाही हे दिसल्यावर बहुतेकांनी स्वतःचा आणि आपल्या माणसांचा जीव घेतला. अभय मिळेल या शब्दावर बाहेर आलेल्यांना मारलं गेलं. त्यानंतर जमाव मिन्स्टरमध्ये गेला आणि ज्यूंकडून घेतलेल्या कर्जाची कागदपत्रं जाळली. म्हणजे द्वेषाबरोबर कर्जबुडवेपणाही होता. पायथ्याशी १९७८ चा स्मृतिफलक आहे, तो वाचून मगच वर चढा. पाऊस असेल किंवा आई थकल्या असतील तर तिथेच वाचून सरळ कॅसल म्युझियममध्ये शिरा.

कॅसल म्युझियम १९३८ मध्ये उघडलं, जुन्या तुरुंगांच्या इमारतींत. डॉ. जॉन कर्क या खेड्यातल्या डॉक्टरनं जमवलेल्या रोजच्या वापरातल्या वस्तू हा त्याचा पाया. ‘कर्कगेट’ नावाची व्हिक्टोरियन काळातली गल्ली दुकानांसह आत उभी आहे, आणि ती सपाट जमिनीवर असल्यानं चालायला सोपी. कुप्रसिद्ध दरोडेखोर डिक टर्पिन १७३९ मध्ये फाशी जाण्याआधी ज्या कोठडीत होता असं मानतात ती इथेच आहे.

संध्याकाळी शॅम्बल्स. ही खाटकांची गल्ली. घरांचे वरचे मजले पुढे आलेले असल्यामुळे खाली मांसावर ऊन पडत नसे. दुकानांबाहेर मांस टांगायचे आकडे आणि रुंद फळ्या अजून आहेत. दुपारी इथे खांद्याला खांदा लागतो आणि दगडी फरशी उंचसखल आहे. आईंना सहा वाजल्यानंतर न्या, तेव्हा दुकानं बंद आणि गल्ली मोकळी असते. घरं बघायची आहेत, दुकानं नव्हेत. ३५ क्रमांकाच्या घरात मार्गारेट क्लिथरो हिचं छोटं प्रार्थनास्थळ आहे. कॅथलिक पाद्र्यांना आसरा दिल्याच्या आरोपावर तिनं कोर्टात उत्तर द्यायचं नाकारलं, म्हणून २५ मार्च १५८६ रोजी तिला वजनाखाली चिरडून मारलं गेलं.

जेवणाबद्दल, शाकाहारी असाल तर नीट वाचा. यॉर्कशरमध्ये फिश अँड चिप्सच्या पुष्कळ दुकानांत तळण्यासाठी गाईची चरबी वापरतात, म्हणजे नुसते बटाट्याचे चिप्सही शाकाहारी नसतात. ‘बीफ ड्रिपिंग की व्हेजिटेबल ऑइल?’ एवढंच विचारा, कुणाला वावगं वाटत नाही. यॉर्कशर पुडिंगमध्ये अंडं असतंच आणि बहुतेकदा तीच चरबी. चीजमध्ये प्राण्यांचं रेनेट (दूध साकळवणारा, वासराच्या पोटातला पदार्थ) असू शकतं, शाकाहाराची हिरवी खूण पाहा. सेंट हेलन्स चौकातल्या बेटीजमध्ये चहाला जायचं असेल तर सकाळी नऊला किंवा चारनंतर जा. दुपारची रांग रस्त्यावर येते आणि तिच्यात बसायची सोय नाही. शनिवारी रात्रीचं जेवण आधी ठरवून ठेवा, कारण पुष्कळ ठिकाणी स्वयंपाकघर नऊच्या आत बंद होतं.

रविवारी सकाळी तटबंदी. पूर्ण फेरा ३.४ किलोमीटर, दोन तासांचा, पण तो सलग नाही. नदीपाशी आणि लेयरथॉर्पजवळ तट तुटतो. तिथे पूर्वी तळं आणि दलदल होती, भिंतीची गरजच नव्हती. सगळा फेरा करायचा हट्ट धरू नका. बूथम बार ते मंक बार हा तुकडा घ्या: अर्धा तास, एका बाजूला मिन्स्टर आणि त्याच्या मागच्या बागा, दुसऱ्या बाजूला खंदक. दोन्ही टोकांना दगडी जिना चढावा-उतरावा लागतो. आईंना तो जमणार नसेल तर त्यांनी खालून मिन्स्टरमागच्या डीन्स पार्कमधून चालावं, तेही तितकंच सुंदर. तटावर आतल्या बाजूला लांबच लांब कठडा नाही. मुलाचा हात धरा, सेल्फीसाठी मागे सरकू नका, ओल्या पानांवर पाय घसरतो. तट सकाळी आठला उघडतो आणि अंधार पडायच्या आत बंद होतो. बर्फ असेल तर उघडतच नाही. सगळं फुकट आहे.

तुम्ही तटावर न गेलात तर त्या वेळी दुसरा फार चांगला पर्याय आहे. स्वयंसेवक मार्गदर्शकांची संस्था १९५१ पासून रोज सव्वादहाला एक्झिबिशन चौकातून दोन तासांची मोफत फेरी काढते. बक्षिशी घेत नाहीत, देऊही नका. फेरीत तटावरही चढतात, तेव्हा आईंबद्दल सुरुवातीलाच सांगा.

शेवटी रेल्वे म्युझियम, कारण ते स्टेशनच्या मागेच आहे आणि तिथून थेट गाडी पकडता येते. प्रवेश मोफत, तरी आधी नोंदणी करा. मोठ्या दालनात इंजिनं वळवायची फिरती चकती आहे आणि तिच्याभोवती इंजिनं. निळं मॅलार्ड: ३ जुलै १९३८ रोजी ताशी २०३ किलोमीटर, वाफेच्या इंजिनाचा हा विक्रम अजून मोडलेला नाही. जपानच्या पहिल्या पिढीच्या बुलेट ट्रेनचा डबा आहे, त्यात बसता येतं. आणि चीनसाठी १९३५ मध्ये बांधलेलं अवाढव्य काळं इंजिन, चाकांशेजारी माणूस उभा केला की त्याचा आकार कळतो. त्या इंजिनाचा कारखाना व्हल्कन फाउंड्री. मुंबईच्या जीआयपी रेल्वेची पहिली आठ इंजिनं याच कारखान्यातून आली, त्यांतलीच १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे धावली. बाबांना तिथे उभं करून हे सांगा. राणी व्हिक्टोरियाचा १८६९ चा शाही डबाही याच संग्रहात आहे. कोणतं दालन दुरुस्तीसाठी बंद आहे हे मात्र निघण्याआधी बघून घ्या.

तीन तास ठेवा. बसायला भरपूर बाकं आहेत, सगळं एका पातळीवर आहे, आणि उपाहारगृह आत आहे.

दोन गोष्टी तारखेच्या. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळं एक तास मागे जातात. तुमची सहल त्या आठवड्यात असेल तर सूर्यास्त आदल्या दिवशी साडेपाच ते पावणेसहाच्या दरम्यान असतो आणि रविवारी साडेचारच्या सुमारास. तटबंदीचं गणित त्यावर बसवा. आणि ऊझ नदी पावसाळी दिवसांत काठ सोडते. पाणी चढलं की काठच्या पायवाटा बुडतात, तेव्हा पुलांवरूनच ये-जा करा आणि नदीकाठचं तळमजल्यावरचं हॉटेल घेऊ नका.